दाजी, तो घाव बराबर होता

दाजी, तुमच्या तिरडीला खांदा द्यायला मी पुढं झालो, तेव्हा तुमच्या गजूनं माझ्या छातीवर पंजा ठेवून मला मागं लोटलं. मी पडता पडता राहिलो. "मामा, हात लावायचा न्हाई," एवढंच तो म्हणाला. हळू म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं. कुणी मध्ये पडलं नाही. मग मी सगळ्यांच्या मागून चालत आलो, ओढ्यापर्यंत. चिता पेटली तेव्हा बाभळीखाली उभा राहून मी माझा उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. हा हात अजून वाकडाच आहे. तो तुम्ही मोडला, हे औंढ्यापासून सेनगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. का मोडला, ते मात्र सगळ्यांना चुकीचं ठाऊक आहे. ते चुकीचं मी राहू दिलं.

तुम्ही होतात तोवर तोंड उघडलं नाही. आता लिहितो आहे. दोन ओळी झाल्या की मनगटाच्या वर ठणका लागतो. लागू दे.

तुमचं आणि आक्काचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. नवे जावई म्हणून तुम्ही आमच्या दारात आलात, की पाय धुवायला पाण्याचा तांब्या मी आणायचो. तुम्ही तेव्हा हिंगोली ते वारंगा फाटा अशी जीप चालवायचात. मला त्या जीपचं वेड होतं आणि तुमची भीती होती. तुमचा हात फार लवकर उठायचा. जीपच्या बोनेटवर बसलेल्या पोरांना तुम्ही उतरा म्हणत नव्हतात, सरळ खाली ओढत होतात. एकदा मलाही ओढलंत. कोपर फुटलं. त्याच दिवशी तुम्ही मला स्टेअरिंगवर बसवलंत. तुमचं असंच होतं सगळं.

पुढं खूप वर्षांनी मी ती मोठी गाडी घेतली. एका ठेकेदारानं वापरून टाकलेली, डिझेलची, सात माणसं ऐसपैस बसतील अशी. दारात उभी केली की माझं घर लहान दिसायचं. पेढे घेऊन पहिला तुमच्याकडे आलो. तुम्ही पेढा हातात धरलात, खाल्ला नाहीत. बोनेट उघडायला लावलंत. ऑइलची पट्टी बाहेर काढून बोटांत चोळलीत आणि ती बोटं माझ्या पांढऱ्या सदऱ्याला पुसलीत.

"माणिकराव, हे ऑइल न्हाई, काजळ हाय. लेकरांच्या डोळ्यात घाल."

"दाजी, गाडी तर झकास पळून राहिली."

"मान कापल्यावर बोकड बी पळतो थोडा."

मला राग आला होता. आनंदाच्या दिवशी असं बोलणं आमच्याकडे कुणाला जमलं नसतं. पण तुम्ही मला परत जाऊ दिलं नाहीत. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत मला ओट्यावर बसवून ठेवलंत. मग ऑइल सोडलंत. ते डांबरासारखं सावकाश पडत होतं. रेडिएटर रिकामा केलात तेव्हा गंजाचं लाल पाणी अंगणभर पसरलं, जणू कुणाला तरी तिथं कापलं होतं. पाणी नितळ येईपर्यंत तुम्ही ते आतून धूत राहिलात. नंतर फवारणीचा पंप पाठीला लावून रेडिएटरची जाळी आतल्या बाजूनं बाहेर अशी धुतलीत. तिच्यात मागच्या मालकाच्या वेळचं भुसकट, माश्या, धूळ असं काय काय बसलं होतं.

"जाळी म्हंजे हिचं नाक हाय," तुम्ही म्हणालात. "नाक दाबलं की जीव जातो. आन् रेडिएटरमंदी बोअरचं पानी घालायचं न्हाई. आपल्याकडचं पानी भांड्याला पांढरं करतंय, तर आतल्या बारीक नळ्यांचं काय करत आसन? कुलंटच घालायचं. समजलं का?"

मी समजलं म्हणालो.

त्या दिवशी काम झाल्यावर तुम्ही विहिरीवर अंघोळीला बसलात आणि सदरा काढलात. मी तुम्हाला उघड्या अंगानं कधी पाहिलं नव्हतं. गळ्यापासून छातीपर्यंत कातडं सुरकुतलेलं, गुळगुळीत, कुठं गुलाबी कुठं काळं. चुलीवरचं आधण अंगावर सांडलं, असं आम्ही ऐकून होतो. मी बघत राहिलो ते तुम्हाला दिसलं.

"आधण न्हाई," तुम्ही म्हणालात. "वारंग्याच्या फाट्यावर जीप तापली व्हती. पासिंजर बोंबलून राहिले व्हते, चला चला. मी बी तसाच मूर्ख. हाताला दस्ती गुंडाळली आन् रेडिएटरचं झाकण फिरवलं. आरं, आतलं पानी बाहेर यायची वाटच बघून राहिलं व्हतं. सदरा काढला तर सदऱ्यासंगं कातडं आलं. डोळे वाचले ते कसे, देवाला ठाव."

"मग लोकांना आधण काहून सांगता?"

"डायवरनं तापल्या गाडीचं झाकण काढलं म्हनू का? तुज्या बहिनीला ठाव हाय, आन् आता तुला. बास."

ही गोष्ट तुम्ही मला सांगितली होती. हे मी आज मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

आपली भांडणं त्या गाडीवरून सुरू झाली ती थांबलीच नाहीत. हिवाळ्यात सकाळी माझ्या संतोषनं गाडी चालू केल्याबरोबर रेस दिली, म्हणून तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवलीत. ऑइल अजून वर चढलं नाही, लोखंडावर लोखंड घासतंय, असं तुमचं म्हणणं. तो लग्नाला आलेला मुलगा होता. दुसऱ्यांदा हिंगोलीहून भरधाव आल्यावर त्यानं लगेच चावी बंद केली, तेव्हा तुम्ही त्याचं मनगट पिरगाळून चावी पुन्हा फिरवायला लावलीत. "दम घेऊ दे तिला. आत टर्बो भिंगरीवानी फिरून राहिला. तू ऑइल बंद केलं की तो कोरडाच फिरतो आन् जळतो." मग सगळे चुपचाप गाडीत बसून राहिले, इंजिन घुरघुरत राहिलं, आणि तुम्ही बाहेर पहारा दिल्यासारखे उभे. संतोष नंतर माझ्याकडे येऊन रडला. मी म्हणालो, दाजी आहेत, ऐकून घे. मनात मात्र नोंद ठेवली.

आणि सोयाबीनच्या सुगीतली ती मारामारी. मी गाडी मळणी यंत्राच्या तोंडासमोर उभी केली होती आणि भुसकटानं पुढची जाळी गच्च भरली होती. तुम्ही बांधावरून पाहिलंत आणि ढेकूळ फेकून मारलंत. ते माझ्या पाठीत बसलं. मी तुमची कॉलर धरली. आपण दोघं, नातवंडांच्या वयाला आलेली माणसं, भुसकटात लोळलो. तुम्ही माझं तोंड भुसकटात दाबलंत आणि ओरडलात, "आता घे श्वास. घे ना. तिला बी असंच व्हतंय." मी तुमच्या मांडीला चावलो. आक्का खराटा घेऊन धावत आली आणि तिनं दोघांनाही झोडपलं. भावाला जास्त मारलं की नवऱ्याला, यावर ती नंतर कितीतरी दिवस हसत असे. त्या दुपारी आपण दोघांनी मिळून जाळी धुतली. तुम्ही पंप मारत होतात, मी बारीक काडीनं भुसकट काढत होतो. काडी आडवी घातली की तुम्ही माझ्या बोटांवर टपली मारायचात. त्यानंतर मी घरी आलो तो शीळ घालत आलो होतो. तुमच्या हातचा मार खाऊन माणूस आनंदी का व्हायचा, ते मला अजून सांगता येत नाही.

त्या गाडीनं तुमच्यामुळे मला वर्षानुवर्षं कधी वाटेत उभं केलं नाही. ऑइल वेळेवर, फिल्टर वेळेवर, डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी वेळेवर काढलेलं. गावातले लोक म्हणायचे, माणिकरावांची गाडी भाग्याची आहे. मी हसून मान डोलवायचो. तुमचं नाव सांगत नव्हतो.

संतोषचं लग्न ठरलं ते तुमच्या शेजारच्या गावात. लग्नाच्या थोडं आधी गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला. रेडिएटरच्या वरच्या पाइपाची पट्टी ढिली झाली होती आणि थेंब थेंब गळत होतं. तुमचा फोन आला.

"कुलंट बघितलं का?"

"भरलं दाजी."

"कोनतं?"

"तेच, हिरवं."

खोटं होतं. पत्रिका वाटण्याच्या घाईत मी बोअरचं पाणी ओतत होतो, रोज थोडं थोडं. पाइपाच्या तोंडाशी पांढरी खपली धरली होती. ती मी नखानं खरवडून काढली, तुम्ही लग्नाला आलात की दिसू नये म्हणून.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी सजवली. बोनेटभर झेंडूची चादर. आणि समोरच्या जाळीवर नवरा-नवरीच्या फोटोचा मोठा फ्लेक्स, सुतळीनं नाही, बाइंडिंगच्या तारेनं पिळून बांधलेला. हौस माझीच होती. माझा एकुलता मुलगा, आणि परण्या काढायचा होता. आमच्याकडे नवरदेवाला मांडवातून मारोतीच्या देवळात नेतात, नवे कपडे घालतात आणि वाजत गाजत परत आणतात. त्या मिरवणुकीला गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहतं. नवरदेवाची गाडी मीच चालवणार, असंही मी ठरवलं होतं.

तुम्ही आलात, गाडीभोवती फिरलात आणि फ्लेक्ससमोर थांबलात.

"हे काढ."

"काहून?"

"नाक दाबलंस तिचं. आन् वरून फुलं. मे महिना हाय, भर दुपार, मानसांच्या चालीनं न्यायची गाडी. वारं न्हाई मिळनार."

"दाजी, लग्न आहे. गाडी नागडी नेऊ का?"

तुम्ही तारेला हात घातलात. मी तुमचा हात झटकला. सगळे पाहुणे बघत होते, नवरीकडचेही. मग मी ते बोललो, जे त्याच्या आधी कधी बोललो नव्हतो. "जावई आहात, तर जावयासारखं राहा. फेटा बांधा अन् मांडवात बसा. डायवरकी करायला बोलावलं न्हाई तुमाला."

ज्या माणसाचा हात इतका लवकर उठायचा, त्यानं तेव्हा तो उचलला नाही. "बराबर हाय," म्हणालात. "काट्यावर नजर ठेव मातर."

मी ठेवली नाही. ठेवली नाही असं म्हणणंही खोटं होईल. मी काटा पाहिला, तो लाल पट्टीत गेलेला पाहिला, आणि नजर दुसरीकडे वळवली. समोर डीजे धडाडत होता, पोरं नाचत होती, मागं संतोष फेटा बांधून एसीत बसला होता. एसी बंद केला तर त्याचा घाम निघेल, गाडी थांबवली तर परण्या थांबेल. देवळाजवळ पोचलो आणि बोनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. इंजिन आतून ठोकू लागलं, कुणी बंद खोलीत दारावर मुठी मारतं तसं. मग ते बंद पडलं.

लोक हसले. नवरीकडचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "नवरदेवाकडून चहा हाय वाटतं. आधण आलं बघा." पुन्हा हशा. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी उतरलो, फुलांची चादर ओढून फेकली, बोनेट उघडलं. आत सगळं फुसफुसत होतं. मी खांद्यावरची शाल हाताला गुंडाळली आणि रेडिएटरच्या झाकणावर ठेवली. तुमचं आधण, तुमचा सदरा, तुमचं कातडं, सगळं मला त्या क्षणी आठवलं होतं. हे खरं सांगतो. आठवलं, आणि तरी मी झाकण दाबलं आणि फिरवलं. मला फक्त तो हशा बंद करायचा होता. माझं तोंड झाकणावर वाकलेलं होतं. माझ्या बाजूला टाचा उंच करून बघणारी पोरं होती.

तुम्ही ओरडत होतात म्हणे. डीजेत काही ऐकू आलं नाही. झाकण अर्धं फिरलं, शिटीसारखा आवाज झाला, आणि त्याच वेळी चाक खोलायची लोखंडी टॉमी माझ्या हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मात्र मला ऐकू आला. तो आवाज माणसाला डोक्याच्या आतून ऐकू येतो. मी मागं उताणा पडलो. तुम्ही लाथेनं मला अजून मागं ढकललंत आणि त्या पोरांवर टॉमी उगारलीत. ती पळाली.

लोकांनी काय पाहिलं? जावयानं कुठून तरी लोखंडी टॉमी आणली, भर परण्यात साळ्याचा हात मोडला, वर लाथ मारली आणि लेकरांच्या अंगावर धावून गेला. टॉमी तुम्ही कशाला आणली होती, ते मला दिसलं होतं. फ्लेक्सची एका बाजूची तार तुटून लोंबत होती. गाडी थांबल्याबरोबर तुम्ही गाडीतलीच टॉमी काढून ती तार तोडायला लागला होतात.

मग आमच्या भावबंदांनी तुम्हाला धरलं. पहिली लाथ माझ्या चुलतभावानं, रंगनाथनं घातली, पोटात. तुम्ही वाकलात तेव्हा कुणी फेटा ओढला, कुणी डीजेच्या गाडीवरचा बांबू उपसला. तो तुमच्या डाव्या कानावर बसला. तुमच्या तोंडातून रक्त आणि शब्द एकदमच येत होते. तुम्ही एकच वाक्य ओरडत होतात, "झाकनाला हात लावू नका." मारणाऱ्यांना ती शिवी वाटली असेल. डीजेवाल्याला गाणं बंद करायचं सुचलं नाही. त्या ठेक्यावर तुम्हाला मारलं गेलं, दाजी. मी जमिनीवर पडून ते पाहत होतो.

आणि मग वरचा पाइप फुटला. ती ढिली पट्टी, ती पांढरी खपली. उकळतं पाणी बोनेटच्या वर उडालं आणि रस्त्यावर पडलं, मी जिथं उभा होतो तिथं. झेंडूची फुलं शिजली. तो वास मला अजून कुठल्याही लग्नात येतो. लोक मागं सरले आणि कुणीतरी म्हणालं, "बघा, इंजिन बी फोडलं यानं."

रंगनाथ माझ्यावर वाकला. "दादा, दाजी पेलेत का?"

तुम्ही, ज्यांनी आयुष्यात कधी दारूला बोट लावलं नाही. ज्यांना तुमच्या गावच्या सप्ताहात वीणा गळ्यात घेऊन उभं राहायचा मान होता. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही गुडघ्यावर होतात आणि माझ्याकडे बघत होतात. एका डोळ्यानंच, दुसरा सुजून मिटला होता. मी मान हलवली. होय अशी हलवली. दुखण्यानं हलली असेल, असं मी स्वतःला पुढं बरंच सांगून पाहिलं. ते पटलं नाही.

संतोषला पायी मांडवात नेलं. मी डाव्या हातानं अक्षता टाकल्या. आक्का पंगतीला बसली नाही. तिनं पदरानं तुमचं तोंड पुसलं आणि तुम्हाला घेऊन चालत निघाली, तुमच्या गावाच्या वाटेनं, भर उन्हात. ती माझ्याकडे एकदाच वळून बघत थांबली. मी काही म्हणतो का, याची वाट पाहत असावी. मी हाताला पट्टी बांधून घेत होतो.

कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ते आलं होतं. त्या व्हिडिओत टॉमी दिसते, माझा हात दिसतो, तुमची लाथ दिसते. वाफ दिसत नाही. तुम्ही घरी पोचायच्या आधी तो तुमच्या गावात पोचला. पुढच्या सप्ताहात तुमच्या गळ्यात वीणा घातली गेली नाही. तुम्ही देवळाच्या पायरीवर बसून राहिलात, एका कानानं ऐकत. दुसरा गेलाच होता. "मी पेलो नव्हतो" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, असं मला लोकांकडून कळत राहिलं. लोक त्यालाच कबुली समजले. मी बोलायचं ठरवलं की रंगनाथ समोर यायचा, त्याची ती लाथ आठवायची. मी खरं बोललो असतो तर तो हकनाक मारणारा ठरला असता, आणि मी त्याच्याहून वाईट. भाऊबीजेला आक्का ओवाळायला आली नाही. मीही गेलो नाही. इंजिन नवं बसवलं. जे तुम्ही सांगितलं होतं ते सगळं त्या नव्या इंजिनासाठी मी अक्षर न् अक्षर पाळलं. तेवढंच पाळलं.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. सेनगावच्या बाजारात एकदा मी चहाच्या टपरीत बसलो होतो आणि गाडी समोर उभी होती. तुम्ही पिशवी घेऊन चालला होतात. गाडी ओळखलीत. मला वाटलं, आता तुम्ही दगड घालाल. मला ते हवंही होतं. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, जाळीसमोर वाकलात, आणि बोटांनी आतलं भुसकट काढलंत. काडी मिळाली नसेल. बराच वेळ काढत होतात. मग हात धोतराला पुसून निघून गेलात. मी टपरीच्या आत सरकून बसलो. दाजी, बाहेर यायला मला चार पावलंही नव्हती.

तुमच्या तेराव्याला मी आलो, कारण मामानं भाच्याला टॉवेल-टोपी द्यायची असते आणि ती माझ्याशिवाय कुणी देणार नव्हतं. रंगनाथही होता. अंगणात तुमचं गाव बसलं होतं, सप्ताहवाले पुढच्या रांगेत. आक्का दारात. माझं नाव पुकारलं तेव्हा मी टोपी हातात घेऊन उठलो. गजू मान वळवून बसला होता.

मी म्हणालो, "आधी मला बोलू द्या."

"दादा, गप बसा. आता काय उकरता?" रंगनाथ म्हणाला.

"तू बस, रंगनाथ. तुझी चूक न्हाई. तू मला इचारलं व्हतं, अन् मी मान हलवली व्हती."

मग सगळं सांगितलं. बोअरचं पाणी, फ्लेक्स, तार, झाकण. दाजी पिऊन नव्हते. त्यांनी मारलं नसतं तर माझं तोंड आणि शेजारच्या लेकरांचे डोळे गेले असते. इंजिन त्यांनी फोडलं नाही, मी फोडलं. आणि झाकण काढल्यावर काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण त्यांच्या छातीवरचं मी पाहिलं होतं.

आक्का दारातून उठली. ती खूप थकली आहे दाजी, पण चालत माझ्यासमोर आली.

"ते डाग तुला ठाव व्हते?"

"व्हय."

"कुनी सांगितलं?"

"त्यांनीच. विहिरीवर."

"आन् मी येवढी वरसं समजत व्हते, माज्या भावाला कळलंच न्हाई. येड्याला कळलं नसन, म्हनून मी मनातल्या मनात तुला सोडून दिलं व्हतं." ती थांबली. "तुला ठाव व्हतं."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मारलं गजूनं. तो केव्हा उठला, मला कळलं नाही. गालावर अशी बसली की टोपी हातातून उडून धुळीत पडली आणि मी खाली बसलो. लोक उठले. आक्कानं हात वर करून त्यांना थांबवलं. हात तुमचाच होता, दाजी. तितकाच जड, तितकाच चटकन उठणारा. कानात शिटी वाजत होती आणि मला विहिरीवरचा दिवस आठवत होता.

गजू वाकला. टोपी उचलली, झटकली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि स्वतःच्या डोक्यावर घातली.

पुढच्या रांगेतला वीणेवाला म्हातारा उठून देवळाकडे गेला. परत आला तो वीणा घेऊन. त्यानं ती तुमच्या फोटोसमोर ठेवली.

"याला गावाला सोडून ये," आक्का गजूला म्हणाली. मला म्हणाली, "भाऊबीजेला यायचं तर ये. आज माज्या समोर बसू नको."

गजूकडे आता त्याची स्वतःची मोठी गाडी आहे, तीही जुनीच घेतलेली. तुम्ही घासून पुसून दिलेली, हे बोनेट न उघडताही कळत होतं. पुढची जाळी मोकळी. एक हारसुद्धा नाही. माझा गाल सुजत होता, बाहेर तुरीची रानं मागं जात होती. त्यानं गाडी माझ्या दारात उभी केली.

मी दाराच्या कडीला हात घातला. त्यानं चावी बंद केली नव्हती. इंजिन हळू घुरघुरत होतं. मी हात मागं घेतला. तो समोर काचेतून बघत होता, मीही. दम घेऊ द्यायला थोडाच वेळ लागतो, तुम्ही शिकवलं होतं. त्याहून कितीतरी जास्त वेळ झाला. मग त्यानं चावी फिरवली, आवाज थांबला, आणि तरीही आम्ही दोघं उतरलो नाही.